दुसरी लाइन आहे, तरी नेट का गेलं? बॅकअप स्टॅटिक रूटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पावसाळा सरला की रस्तेखोदाईचा मोसम सुरू होतो आणि माझा फोन वाजायला लागतो. भोसरी असो, चाकण असो नाहीतर सदाशिव पेठेतलं दोन खोल्यांचं ऑफिस, प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. दहा ते शंभर माणसांचं ऑफिस, एक राउटर, दोन लाइनी, एवढ्याच मर्यादेत हे पान आहे.

कमांड सिस्कोच्या राउटरच्या आहेत, बाकीच्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे. इथे त्या वाचायच्या सोयीने देवनागरीत लिहिल्यात. राउटरवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या, हे खरं तर सांगायला नको. पण एकांनी विचारलं होतं. मुख्य लाइनचा गेटवे (कंपनीच्या बाजूचा राउटर, आपलं सगळं आधी त्याच्याकडे जातं) २०३.०.११३.१ आणि बॅकअपचा १९८.५१.१००.१ धरलाय. हे पत्ते आरएफसी ५७३७ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत. जसेच्या तसे चिकटवलेत तर काहीही चालणार नाही.

दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्यात. एक गेली की दुसरी आपोआप सुरू होत नाही का?

नाही. दुसरी वायर खोचली म्हणजे राउटरचं आणखी एक पोर्ट भरलं, इतकंच. त्या बाजूने कधी जायचं हे त्याला लिहून द्यावं लागतं. लाइन विकणारा हे सांगत नाही, कारण त्याचं काम वायर पोर्टात खोचल्यावर संपतं.

फ्लोटिंग स्टॅटिक रूट म्हणजे नक्की काय?

डेक्कनहून नारायण पेठेत जाणारा दुचाकीवाला भिडे पुलावरून उतरतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पूल बुडाला की तोच माणूस झेड पुलाकडे वळतो. झेड पूल कायम तिथे आहेच, फक्त पहिली पसंती तो नाही.

राउटरमध्ये ही पसंती एका आकड्याने ठरते. त्याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात. आकडा जितका लहान, तितका त्या मार्गावर विश्वास जास्त. सिस्कोत थेट जोडलेल्या नेटवर्कचा आकडा ०, हाताने लिहिलेल्या स्टॅटिक रूटचा १, बाहेरच्या बीजीपीचा २०, ओएसपीएफचा ११०, रिपचा १२०, आतल्या बीजीपीचा २००. (बीजीपी, ओएसपीएफ, रिप म्हणजे राउटरनी एकमेकांना मार्ग कळवायच्या पद्धती.) एकाच ठिकाणी जाणारे दोन स्टॅटिक रूट लिहिले आणि दुसऱ्याला मुद्दाम मोठा आकडा दिला, तर तो राउटिंग टेबलात, म्हणजे राउटर सध्या वापरतो त्या मार्गांच्या यादीत, दिसतच नाही. कॉन्फिगरेशनमध्ये मात्र असतो. पहिला टेबलातून गेला की हा वर तरंगून येतो, म्हणून फ्लोटिंग.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पुढे कामाला येणार आहे. हा आकडा तेव्हाच बघितला जातो, जेव्हा दोन्ही मार्ग अगदी त्याच नेटवर्कचे असतात. एक मार्ग जास्त नेमका असेल, म्हणजे एक सगळ्या जगाचा आणि दुसरा एकाच पत्त्याचा, तर नेमका मार्ग जिंकतो. त्याचा डिस्टन्स २५० असला तरी.

ठीक आहे, कमांड सांगा.

आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.१
आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १९८.५१.१००.१ १०

झालं. ०.०.०.० ०.०.०.० म्हणजे सगळ्या जगाचा मार्ग, यालाच डीफॉल्ट रूट म्हणतात. शेवटचा १० म्हणजे बॅकअपचा डिस्टन्स. पहिल्या ओळीत काही लिहिलं नाही, म्हणून तिथे १ धरला जातो. बरेच लोक इथेच थांबतात आणि मग मला फोन करतात.

शक्य असेल तिथे गेटवेच्या आधी पोर्टचं नावही लिहा, म्हणजे "गिगाबिट ०/० २०३.०.११३.१" असं. नुसता गेटवे लिहिला की "या पत्त्यापर्यंत कसं जायचं" हे राउटर टेबलात शोधतो. पोर्ट बंद पडल्यावर तोच पत्ता त्याला दुसऱ्याच एखाद्या मार्गाने सापडू शकतो, आणि मग जो रूट टेबलातून जायला हवा तो चिकटून बसतो. दोन ऑफिसांमधल्या आतल्या मार्गांना हा त्रास जास्त होतो. याच्या उलट, इथरनेटवर नुसतं पोर्ट लिहून गेटवे गाळायचा, हे तर करूच नका. मग राउटर जगातल्या प्रत्येक पत्त्यासाठी त्या पोर्टवर एआरपीच्या ("हा पत्ता कोणाचा?" अशा) हाका मारत बसतो.

बॅकअपला १० द्यावा की २५०?

राउटरवर फक्त स्टॅटिक रूट असतील तर १० आणि २५० मध्ये काही फरक नाही, १ पेक्षा मोठा असला की झालं. मुख्य मार्ग ओएसपीएफने शिकलेला असेल तर मात्र ११० च्या वर जावंच लागतं. तिथे १० दिलात तर बॅकअपच मुख्य होऊन बसेल आणि महागडी लीज्ड लाइन रिकामी राहील. मी सवयीने २५० देतो. २५५ देऊ नका, त्याचा अर्थ "हा मार्ग कधीच वापरू नकोस" असा होतो. आणि बॅकअपचं पोर्ट डीएचसीपीवर असेल, म्हणजे पत्ता कंपनीकडून आपोआप घेत असेल, तर तिथून आलेल्या डीफॉल्ट रूटला सिस्को आपणहून २५४ देतो. म्हणजे तो आधीच फ्लोटिंग आहे, वेगळं लिहायचीही गरज नाही.

दोन्ही ओळी लिहिल्या. तरी लाइन तुटली तेव्हा नेट गेलंच. असं का?

हाच खरा प्रश्न. बाकीचं पान याच्याभोवती फिरतं.

भोसरी एमआयडीसीतला एक कारखाना. दुपारी मालकांचा फोन: "साहेब, दोन-दोन बिलं भरतो आम्ही. ई-वे बिल निघत नाही, गाडी गेटवर उभी आहे." गेलो. रॅकमध्ये वर मुख्य लाइनचा ओएनटी (बाहेरची फायबर जिथे येऊन लागते तो डबा), खाली राउटर. ओएनटीवर दोन दिवे बघण्यासारखे होते. एलओएसचा दिवा लाल लुकलुकत होता, म्हणजे बाहेरून फायबरमधून येणारा उजेडच बंद झाला होता. त्याच्या शेजारी लॅनचा दिवा शांतपणे हिरवा. कारण ओएनटी आणि राउटर यांच्यामधली दीड फुटाची पिवळी पॅच कॉर्ड ठणठणीत होती.

राउटरला दिसते ती फक्त ही दीड फुटाची वायर. त्याच्या दृष्टीने पोर्ट चालू, गेटवेचा मार्ग टेबलात, सगळं आलबेल. चौकात जेसीबीच्या दातात फायबर अडकली, हे त्याला कळायचा मार्गच नाही. स्टॅटिक रूट टेबलातून केव्हा जातो? पोर्ट पडलं तर, किंवा गेटवेकडे जायचा रस्ता गेला तर. फायबर थेट राउटरच्या पोर्टात असती तर पोर्ट पडलं असतं आणि बॅकअप वर आला असता. मध्ये ओएनटी, मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच आला की पुढची बातमी तिथेच अडते. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लाइन जोडायची पद्धत) वापरत असाल तर तीच गत: सिस्कोचा डायलर इंटरफेस समोर कोणी नसतानाही "अप, स्पूफिंग" असं दाखवत राहतो.

भिडे पूल बुडालाय, पण डेक्कनच्या बाजूला बॅरिकेड लावायला कोणी आलंच नाही, असा हा प्रकार. गाड्या उतारावरून पाण्यात.

मग राउटरला कळवायचं कसं?

त्याला दर काही सेकंदांनी लांबच्या एखाद्या पत्त्याला हाक मारायला लावायची. ओ आली नाही की मुख्य मार्ग टेबलातून काढायचा. सिस्कोत याचे दोन भाग आहेत: हाक मारणारा आयपी एसएलए, आणि त्याच्या निकालावर लक्ष ठेवणारा ट्रॅक.

आयपी एसएलए १
 आयसीएमपी-एको ९.९.९.९ सोर्स-इंटरफेस गिगाबिट ०/०
 थ्रेशोल्ड २०००
 टाइमआउट २०००
 फ्रीक्वेन्सी ५
आयपी एसएलए शेड्यूल १ लाइफ फॉरेव्हर स्टार्ट-टाइम नाऊ
ट्रॅक १ आयपी एसएलए १ रीचेबिलिटी
 डीले डाउन १५ अप ६०
आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० गिगाबिट ०/० २०३.०.११३.१ ट्रॅक १
आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० गिगाबिट ०/१ १९८.५१.१००.१ १०

आधी साधा, ट्रॅक नसलेला रूट लिहिलेला असेल तर तो "नो" लावून काढायला विसरू नका.

शेड्यूलची ओळ विसरणारे मी इतके पाहिलेत की मोजणं सोडलं. ती नसेल तर हाक मारायला सुरुवातच होत नाही. फ्रीक्वेन्सी लिहिली नाही तर ६० सेकंद धरली जाते, तेव्हा तीही लिहा. थ्रेशोल्ड आणि टाइमआउट मिलिसेकंदांत असतात आणि फ्रीक्वेन्सी सेकंदांत. ही गल्लत केली की राउटर तक्रार करतो किंवा, त्याहून वाईट, करत नाही.

हाक कोणाला मारायची? गेटवेलाच मारली तर?

गेटवे कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये असतो. तुमच्यापासून तिथपर्यंतची फायबर तुटली तर गेटवे उत्तर देणार नाही आणि बॅकअप चालू होईल. पण बऱ्याचदा गेटवे जिवंत असतो आणि त्याच्या पलीकडे, मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या वाटेवर काहीतरी मोडलेलं असतं. म्हणून पत्ता इंटरनेटवरचा निवडा. ८.८.८.८, १.१.१.१, ९.९.९.९ हे सार्वजनिक डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते सोयीचे पडतात.

एकाच पत्त्यावर विसंबायचं नसेल तर दोन एसएलए, दोन ट्रॅक करा आणि तिसरा ट्रॅक "लिस्ट बूलियन ऑर" करून दोन्ही त्यात घाला. दोन्ही पत्ते गप्प झाले तरच लाइन मेली असं मग धरलं जातं. लांबच्या एका सर्व्हरने पिंगला उत्तर देणं थांबवलं म्हणून तुमचं ऑफिस बॅकअपवर जाण्यात काय अर्थ आहे?

एसएलए लावलं. आता लाइन दर मिनिटा-दोन मिनिटांनी इकडून तिकडे उड्या मारते. आधीच बरं होतं!

जरा थांबा, काढू नका. राउटर कसा विचार करतोय ते बघा. मुख्य लाइन मेली, ९.९.९.९ कडून ओ आली नाही, मुख्य रूट गेला, बॅकअप आला. पुढची हाक कुठून गेली? आता टेबलात बॅकअपच आहे, म्हणजे बॅकअपवरून. नुसतं सोर्स-इंटरफेस लिहून हे थांबत नाही, त्याने पाकिटावरचा (डेटाच्या पॅकेटवरचा) "प्रेषक" ठरतो, रस्ता नाही. बॅकअपवरून हाकेला ओ मिळाली की राउटर म्हणतो, अरे वा, मुख्य लाइन सुधारली! मुख्य रूट परत टेबलात, नेट परत बंद, आणि हेच चक्र चालू. काही कंपन्या परक्या प्रेषकाचं पाकीट पुढे जाऊ देत नाहीत, तिथे हा घोळ होत नाही. पण त्या भरवशावर राहू नका.

उपाय एका ओळीचा आहे. ज्या पत्त्याला हाक मारतो, त्याच्यासाठी नेमका मार्ग लिहायचा:

आयपी रूट ९.९.९.९ २५५.२५५.२५५.२५५ गिगाबिट ०/० २०३.०.११३.१
आयपी रूट ९.९.९.९ २५५.२५५.२५५.२५५ नल० २५०

पहिल्या ओळीमुळे हाक कायम मुख्य लाइनवरूनच जाते, कारण नेमका मार्ग डीफॉल्टच्या आधी जिंकतो. दुसरी ओळ कशाला? मुख्य पोर्टच पडलं, समजा ओएनटीचा ॲडॅप्टर जळला, तर पहिली ओळ टेबलातून जाईल आणि हाक पुन्हा बॅकअपने निघेल. तेव्हा ती नल० मध्ये, म्हणजे खड्ड्यात पडते. ही दुसरी ओळसुद्धा फ्लोटिंग स्टॅटिक रूटच आहे. खड्ड्यात नेणारी असली म्हणून काय झालं.

बॅकअपवर गेलो. राउटरवरून पिंग जातो, पण ऑफिसात एकही साइट उघडत नाही.

आधी ऑफिसातल्या पीसींना डीएनएस कोणता दिलाय ते बघा. पीसींनाही ९.९.९.९ दिला असेल, तर वरच्या दोन ओळींनी तुम्ही तो स्वतःच बंद केलाय: मुख्य लाइन मेली की त्या पत्त्याकडे जायला कोणालाच वाट उरत नाही. मी स्वतः हे एकदा करून ठेवलं होतं. ज्या पत्त्याला राउटर हाक मारतो, तो पीसींना डीएनएस म्हणून द्यायचा नाही. मुख्य कंपनीचा स्वतःचा डीएनएसही देऊ नका, तो बहुधा परक्या लाइनवरून आलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाही.

दुसरं कारण नॅट. ऑफिसातले १९२.१६८ वाले पत्ते बाहेर जाताना लाइनच्या सार्वजनिक पत्त्यात बदलावे लागतात. नॅट फक्त मुख्य पोर्टसाठी लिहिलं असेल तर बॅकअपवरून पाकिटं कच्च्या पत्त्यानिशी निघतात आणि त्यांना परतीची वाट नसते. म्हणून प्रत्येक लाइनसाठी वेगळा रूट-मॅप करून नॅटच्या दोन ओळी लिहाव्या लागतात: पाकीट ज्या पोर्टने बाहेर पडतंय, त्याच पोर्टचा पत्ता लावायचा. बॅकअपच्या पोर्टवर "आयपी नॅट आउटसाइड" आहे ना, तेही बघून घ्या.

तिसरं कारण वेळ खातं. नॅटच्या जुन्या नोंदी. सिस्कोत यूडीपीची नोंद ५ मिनिटं आणि टीसीपीची २४ तास राहू शकते. ब्राउझर नवं कनेक्शन उघडतो, त्याचं निभावतं. आयपी फोन मात्र त्याच यूडीपी पोर्ट क्रमांकावरून पुन्हा-पुन्हा नोंदणी करत राहतात, त्यामुळे जुनी नोंद मरतच नाही आणि फोन मुके राहतात. "क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन *" दिलं की एका झटक्यात बोलायला लागतात. ट्रॅकची स्थिती बदलली की हीच कमांड आपोआप चालवणारं दोन-चार ओळींचं ईईएम ॲपलेट लिहून ठेवा, म्हणजे रात्री कोणी झोपमोड करणार नाही.

बदलायला किती सेकंद लागतात?

वरच्या आकड्यांनी वाईटात वाईट २२. हाक यशस्वी झाल्याबरोबर लाइन तुटली असं धरा: पुढच्या हाकेपर्यंत ५, उत्तराची वाट २, आणि ट्रॅकचा डीले १५. डीले काढून टाकला तर ७ सेकंदांत काम होईल, पण मग एक पाकीट हरवलं तरी अख्खं ऑफिस उडी मारेल. पंधरा सेकंदांत तीनदा विचारणा होते आणि त्यात एकदाही ओ मिळाली तर बदल रद्द, हे मला परवडतं. परत येताना ६० सेकंद अशासाठी की फायबर जोडणारा माणूस चौकात बसून स्प्लायसिंग करत असतो तेव्हा लाइन पाच-सात वेळा येते-जाते.

मायक्रोटिक, फोर्टीगेट, लिनक्स?

मायक्रोटिकमध्ये आकड्याचं नाव नुसतं "डिस्टन्स". "चेक-गेटवे=पिंग" लावलं की तो दर १० सेकंदांनी बघतो आणि दोनदा उत्तर नाही आलं की मार्ग बाद. पण नावाप्रमाणे तो गेटवेलाच बघतो. लांबचं बघायचं तर जुगाड असा: ९.९.९.९ चा मार्ग खऱ्या गेटवेने, स्कोप १० ठेवून लिहायचा. मग डीफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून ९.९.९.९ च द्यायचा, टार्गेट-स्कोप ११ आणि चेक-गेटवे पिंगसह. ऐकायला विचित्र, चालतं झकास.

फोर्टीगेटमध्ये स्टॅटिक रूटचा मुळातला डिस्टन्स १० असतो आणि पिंगचं काम लिंक-मॉनिटर करतो. तिथे एक खोच आहे. दोन लाइनींना वेगळे डिस्टन्स दिले की बॅकअपचा मार्ग टेबलात नसतो, म्हणून बॅकअप लाइनवर बाहेरून आत येणारं काहीही तो संशयाने फेकून देतो. बाहेरून दोन्ही लाइनींवर व्हीपीएन हवं असेल तर डिस्टन्स सारखे ठेवा आणि प्रायॉरिटी वेगळी.

लिनक्सवर "मेट्रिक" बघितलं जातं, लहान जिंकतो. वायर निघाली तरी कर्नल मार्ग काढेलच असं नाही, त्यामुळे पिंग करून मार्ग बदलणारी छोटी स्क्रिप्ट लागते. जुनिपरवाले "क्वालिफाइड-नेक्स्ट-हॉप" वापरतात. तिथे स्टॅटिकचा मूळ आकडा ५ आणि ओएसपीएफचा १० आहे, सिस्कोची सवय घेऊन गेलात तर फसाल.

बॅकअपवर असताना कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत. चालू असलेला कॉलही तुटला.

कॉल तुटणारच. बाहेरच्या जगासाठी तुमचा पत्ता बदलला, समोरच्याला तुम्ही अनोळखी झालात. स्टॅटिक रूटने यावर इलाज नाही.

कॅमेऱ्यांचं कारण वेगळं. बॅकअप म्हणून फोर-जीचं डोंगल किंवा स्वस्त ब्रॉडबँड असेल तर तुम्हाला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होतोय का बघा. तसं असेल तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या सामायिक नॅटच्या मागे आहात. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घ्या, किंवा ऑफिसातूनच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरकडे बोगदा (टनेल) उघडा.

हिंजवडीला ऑफिस, चाकणला प्लांट. मधल्या लीज्ड लाइनला व्हीपीएनचा बॅकअप दिलाय. फक्त ऑफिसच्या राउटरवर लिहिलं तर चालेल ना?

नाही चालणार. हिंजवडीचं पाकीट व्हीपीएनने चाकणला पोहोचेल, पण चाकणचा राउटर उत्तर मेलेल्या लीज्ड लाइनवरच ढकलेल. पिंग लागत नाही, आणि सगळे हिंजवडीचा राउटर तपासत बसतात. दोन्ही टोकांना ट्रॅक, दोन्ही टोकांना फ्लोटिंग रूट, आणि डीले शक्यतो सारखे. मध्ये फायरवॉल असेल तर जाण्याची एक वाट आणि येण्याची दुसरी, हे तिला अजिबात खपत नाही.

आणखी एक. व्हीपीएन पडला की चाकणच्या आतल्या पत्त्यांकडे जाणारी पाकिटं डीफॉल्ट रूटने इंटरनेटवर भटकायला निघतात. त्या नेटवर्कसाठीही नल० चा एक २५४ डिस्टन्सचा रूट टाकून ठेवा.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी आहेत. तरी दोन्ही एकदम गेल्या. हे कसं?

खिडकीतून खाली बघा. पेठांमध्ये तर हमखास: दोन्ही केबल त्याच खांबावरून, त्याच झाडाच्या फांदीवरून, शेजारच्या वाड्याच्या त्याच पत्र्यावरून आलेल्या असतात. गणपतीच्या मिरवणुकीत रथाला अडचण नको म्हणून कोणी एक केबल उतरवली तर दुसरीही उतरते. चाकण-भोसरीकडे दोघांच्या फायबर एकाच चरात. कधी दोन लहान कंपन्या वर जाऊन एकाच मोठ्या कंपनीकडून लाइन घेतात, ते तर खिडकीतूनही दिसत नाही. दोन्ही लाइनींवरून ट्रेसरूट (पाकीट कुठून-कुठून जातं ते दाखवणारी कमांड) काढून बघा. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सारखीच नावं दिसली तर विचारायला जागा आहे.

म्हणून माझं मत: दुसरी लाइन जमिनीखालून नको. एक फायबर, दुसरी गच्चीवरची रेडिओ लिंक किंवा मोबाइल नेटवर्क. वेग कमी असला तरी चालेल. आणि दोन्हींचे ॲडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डात नकोत, हे हसण्यावारी नेऊ नका.

दोन्ही लाइनी एकदम वापरून वेग दुप्पट होईल का?

दोन्ही रूटना सारखा डिस्टन्स दिला तर राउटर भार वाटून देतो, पण एका डाउनलोडचा वेग दुप्पट होत नाही. आणि बँकेची साइट लॉगिन एका पत्त्याने आणि पुढचं पान दुसऱ्या पत्त्याने बघते तेव्हा बाहेर काढते. लहान ऑफिसने या भानगडीत पडू नये.

बीजीपी का नाही लावायचं?

स्वतःचे पत्ते आणि स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवरचा आपल्या नेटवर्कचा स्वतंत्र क्रमांक) असेल तर जरूर लावा. तीस माणसांच्या ऑफिसाला ते म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढण्यासारखं आहे.

आयपीव्ही६ साठी वेगळं काही?

सगळंच वेगळं: "आयपीव्ही६ रूट ::/०" च्या दोन ओळी, वेगळा एसएलए, वेगळा ट्रॅक. मुख्य लाइनवर आयपीव्ही६ चालू आहे आणि बॅकअपवर नाही, अशा ठिकाणी बॅकअपवर गेल्यावर साइट्स उघडतात, पण प्रत्येक वेळी जरा अडखळून.

चाचणी कशी घ्यायची?

राउटरमधून वायर उपसू नका. त्याने पोर्ट पडतं आणि कसलंही कॉन्फिगरेशन पास होतं. ओएनटीच्या मागची हिरव्या टोकाची फायबर हलकेच काढा आणि टोकाला बोट लावू नका. लाल दिवा लुकलुकू द्या, लॅनचा हिरवाच राहू द्या. मग राउटरवर "शो ट्रॅक", "शो आयपी एसएलए स्टॅटिस्टिक्स" आणि "शो आयपी रूट ०.०.०.०" बघत राहा. शेजारी एका पीसीवर पिंग चालू ठेवा, एकावर नवी साइट उघडा, एक फोन लावा. दहा मिनिटं बॅकअपवर काढा आणि मगच फायबर परत खोचा. परतीचा प्रवास बघितल्याशिवाय चाचणी अर्धीच.

भोसरीकडच्या कारखान्यांना मी गुरुवारी बोलावायला सांगतो, तिकडे साप्ताहिक सुट्टी असते. सदाशिव पेठेतल्यांनी दुपारी एक ते चार बघावं.

सगळं बसवलं, चाचणी झाली. आता निश्चिंत?

बॅकअप चांगला बसला की एक नवीच पंचाईत होते: मुख्य लाइन गेलेली कोणाला कळतच नाही. ट्रॅक पडल्याचा सिसलॉग किंवा मेल कोणाच्या तरी डोळ्यांसमोर यायला हवा. एका ऑफिसात "नेट जरा हळू चालतंय, बघून जा" म्हणून बोलावलं होतं. ट्रॅकची नोंद काढली. मुख्य लाइन ४१ दिवसांपूर्वी पडली होती, तिचं बिल दोनदा वेळेवर भरून झालं होतं, आणि अख्खं ऑफिस रिसेप्शनच्या टेबलाखालच्या डोंगलवर चाललं होतं.